पेट्रोलच्या नळीचा सांधा

[नभोवाणीवरील भाषण]

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना वाटेल कीं, हें भाषण आपल्यासाठीं नसून मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीसाठीं आहे. मोटारींत पेट्रोल वाहून नेणारा पोलादी पाइप आणि त्याच्या टोकाला जोडलेली रबरी नळी, या दोहोंचा सांधा कसा असावा, एवढाच तो विषय. हा सांधा लांबीनें इंचभर असतो. परंतु ज्या घराच्या अंगणांत किंवा जिन्याखालीं मोटार अथवा स्कूटर उभी असते, त्या घरांतील प्रत्येक माणसाच्या जिवाशीं या इंचभर सांध्याचा संबंध आहे. ही गोष्ट मीं पुस्तकांत वाचली नाहीं. माझ्या स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीनें ती मला शिकविली. म्हणून प्रथम ती चूकच सांगतों.

मी मोटारविद्येंतला पंडित नव्हें. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों, पस्तीस वर्षें मुलांना गणित आणि शास्त्र शिकविलें व आतां निवृत्त आहें. आमच्याकडे एक पद्मिनी गाडी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ही गाडी मीं १९९६ सालीं एका स्नेह्याकडून वापरलेलीच विकत घेतली. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली; आमची गाडी मात्र पुण्यांत अद्याप चालते. जुन्या गाडीला मिस्त्री मिळणें दिवसेंदिवस कठीण, त्यामुळें लहानसहान दुरुस्त्या स्वतः करण्याची मला संवय लागली, आणि संवयीपाठोपाठ थोडा गर्वहि आला.

दोन वर्षांपूर्वीं माघ महिन्यांत टांकीकडून येणाऱ्या पोलादी पाइपाचें इंजिनाकडील टोक गंजलेलें दिसलें. त्यावरील रबरी नळीहि तडकली होती. मीं हॅकसॉ घेऊन गंजलेलें टोक बोटभर कापून टाकलें, उरलेल्या स्वच्छ पाइपावर प्लॅस्टिकची पारदर्शक नळी चढविली आणि वरून क्लिप करकचून आवळली. नळी पारदर्शक घेतली ती मुद्दाम. आंतून पेट्रोल वाहतांना दिसावें, असा माझा शास्त्रीय विचार! तीन महिने गाडी उत्तम चालली.

वैशाखांत एके दिवशीं सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, गाडीपाशीं पेट्रोलचा वास येतो आहे." वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां मीं उत्तर दिलें, "पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास यायचा. अत्तराचा कोठून येणार?" त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत.

आठ दिवसांनीं वाईला एका नातलगाच्या मुलाची मुंज होती. आम्ही उभयतां गाडीनें निघालों. खंबाटकीच्या घाटाची चढण लागली आणि सपाटीवर नीट चालणारें इंजिन गुदमरूं लागलें. अर्ध्या घाटांत तें बंदच पडलें. एका भल्या मोटारसायकलवाल्यानें घाटाखालच्या खंडाळ्याहून मिस्त्री आणून दिला. मिस्त्री साठीच्या घरांतला होता. बॉनेट उघडतांच त्यानें प्रथम काय केलें असेल, तर शेजारीं उभ्या असलेल्या माणसाला हातांतली विडी विझवून दूर जायला सांगितलें. मग वांकून त्यानें माझी ती पारदर्शक नळी दोन बोटांनीं ओढली. ती पिवळी पडून लांकडासारखी कडक झाली होती. क्लिपेसकट ती अलगद हातांत आली.

"मास्तर, ही नळी बसवलेलीच नव्हती," तो म्हणाला, "नुसती घातलेली होती." मग पाइपाच्या टोकावरून बोट फिरवून त्यानें विचारलें, "ह्याची कॉलर कुठं गेली?"

"गंजली होती, म्हणून कापली," मी म्हणालों.

"मग नळीनं धरायचं कशाला?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. आपल्या पिशवींतला योग्य रबराचा तुकडा काढून त्यानें तात्पुरता सांधा केला, आणि घरीं पोंचतांच पाइपाला कॉलर करून घेण्याबद्दल बजावलें.

घरीं परतल्यावर गाडी उभी राहते ती जागा मीं पाहिली. शहाबादी फरशीवर ताटाएवढा डाग पडला होता. तेथून तुळशीवृंदावन चार हातांवर, आणि तेथें रोज सांजवेळीं दिवा लागतो! माझ्या छातींत धस्स झालें. मीं सौभाग्यवतींना विचारलें. त्या शांतपणें म्हणाल्या, "वास येतो म्हटलें तर तुम्हीं ऐकलें नाहीं. त्या दिवसापासून तुळशीपाशीं मी दिवा लावीतच नाहीं; देवघरांत लावतें."

श्रोतेहो, पेट्रोलची वाफ हवेहून तिपटी-चौपटीनें जड असते, ती वर न जातां जमिनीलगत पसरते, आणि शून्याखालीं सुमारें ४० अंशांपर्यंतच्या थंडींतसुद्धां ठिणगी मिळाल्यास पेटूं शकते, हें मीं पस्तीस वर्षें फळ्यावर लिहून दिलें होतें. तें माझ्या अंगणांतहि लागू आहे, हें मात्र मला सुचलें नाहीं. त्या दिवसापासून मीं या सांध्याचा नीट अभ्यास केला. जें समजलें तें आतां क्रमानें सांगतों.

पहिला प्रश्न असा कीं, मुळांत रबर हवेंच कशाला? टांकीपासून इंजिनापर्यंत सबंध पाइप पोलादाचाच कां असूं नये? याचें कारण असें कीं, मोटारीचें इंजिन सांगाड्याला घट्ट जखडलेलें नसतें. तें रबराच्या गाद्यांवर बसविलेलें असतें, आणि चालतांना, विशेषतः सुरू व बंद होतांना, बरेंच हलतें. टांकी व पाइप हे सांगाड्याला बांधलेले. पोलादी पाइपाचा बाणा "मोडेन पण वांकणार नाहीं" असा. स्थिर सांगाडा व हलतें इंजिन यांना त्यानें थेट जोडलें, तर रोजच्या हजारों हिसक्यांनीं तो थकून शेवटीं तडकतो. म्हणून मध्यें वीतभर रबरी नळी घालतात. ती हिसके सोसते आणि दोहोंचें नातें टिकवून धरते. यावरून एक उपसिद्धांत निघतो. रबर हें जरूरीपुरतेंच वापरावें. पाइप गंजला म्हणून टांकीपासून इंजिनापर्यंत रबरच घालणें हें सोपें खरें, पण शहाणपणाचें नव्हे. कारण रबर झिजतें, उष्णतेनें सुकतें आणि क्वचित् उंदीरहि तें कुरतडतात.

आतां नळीची निवड. सर्व काळीं रबरें सारखीं नसतात. इंजिनाचें पाणी वाहणाऱ्या नळीचें रबर पेट्रोलांत फुगून निकामी होतें. प्लॅस्टिकच्या साध्या पारदर्शक नळीला मऊपणा आणणारें द्रव्य पेट्रोल हळूहळू ओढून घेतें. मग ती कडक होऊन पाइपावरची पकड सोडते. माझ्या नळीचें हेंच झालें. पेट्रोलसाठीं केलेल्या चांगल्या नळीच्या अंगावर तिची जात छापलेली असते, ती वाचून घ्यावी. "एसएई जे ३०" या प्रमाणांतील आर ६ व आर ७ जातींच्या बारीक नळ्या दर चौरस इंचाला ५० पौंड दाबापर्यंत चालतात. आर ९ जातीची नळी १०० पौंडांपर्यंत चालते, आणि तिचें आंतील अस्तर पेट्रोल व अल्कोहोल यांना अधिक दाद न देणारें असतें. टांकीच्या आंत पेट्रोलमध्यें बुडून राहणारी नळी मात्र आर १० जातीचीच हवी. इतर नळ्या आंतून पेट्रोल सोसतात, पण बाहेरून पेट्रोलांत बुडण्यासाठीं त्या केलेल्या नसतात.

हे दाबाचे आंकडे घरगुती मापानें समजून घेऊं. मोटारीच्या टायरांत हवेचा दाब सुमारें ३० पौंड असतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडींत पंप पेट्रोलला ३ ते ५ पौंडांनींच ढकलतो. इंजेक्शनच्या गाडींत हाच दाब बहुधा ३५ ते ६० पौंड असतो. म्हणजे जुन्या गाडींत जो सांधा नुसता पाझरेल, तोच नव्या गाडींत पिचकारी उडवील. म्हणून जुन्या गाडीची नळी व क्लिप नव्या गाडीला लावणें हा केवळ अविचार होय.

नळीचें माप घेतांना एक साधी गोष्ट पुष्कळ जण विसरतात. पोलादी पाइपाचें माप बाहेरून घेतात. रबरी नळीचें आंतून. पाइप बाहेरून ८ मिलिमीटर असेल, तर नळी आंतून ८ मिलिमीटर घ्यावी. इंचांत ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, तेथें दोहोंत फरक पडत नाहीं. परंतु पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तेव्हां ६ मिलिमीटरच्या पाइपावर पाव इंची नळी घातली, तर ती सैल बसते. आणि "क्लिप आवळली कीं झालें" असें म्हणून आपण रबराला सुरकुती पाडतों. पेट्रोलला बाहेर यायला ती सुरकुती पुरते. क्लिपेचें काम नीट बसलेली नळी तशीच धरून ठेवण्याचें आहे, चुकलेलें माप दुरुस्त करण्याचें नव्हे.

आतां विषयाचा गाभा, म्हणजे मिस्त्रीनें विचारलेली ती कॉलर. आपल्या स्वयंपाकघरांतील गॅसची शेगडी पाहा. रबरी नळी जिच्यावर चढवितात ती पितळी तोटी गुळगुळीत नसते. तिला चढउतार असलेल्या कडा असतात. नळी चढवितांना त्या कडा रबराला थोडें ताणतात आणि मग मागें येऊं देत नाहींत. मोटारीच्या पोलादी पाइपाच्या टोकाशींहि असाच एक गोल उंचवटा काढलेला असतो, तीच कॉलर. नळी या उंचवट्याच्या पलीकडे साधारण इंचभर गेली पाहिजे, आणि क्लिप उंचवट्याच्या मागच्या बाजूला बसली पाहिजे. मग नळी निसटायची झाली, तर आवळलेल्या क्लिपेला कॉलरवरून चढून जावें लागेल, आणि तें सहसा घडत नाहीं. क्लिप नेमकी कॉलरवर आवळली, तर रबर कापलें जातें. कॉलरच नसली, तर गुळगुळीत पाइपावर नळी केवळ घर्षणाच्या भरंवशावर राहते. आणि तेल, उष्णता व हिसके यांच्यापुढें घर्षण किती दिवस टिकणार?

मग माझ्यासारखें टोक कापावें लागलें तर काय करावें? नवी कॉलर काढून घ्यावी. ब्रेकच्या पाइपांचीं तोंडें दुहेरी फुलविण्याचें जें हत्यार असतें, त्याचा पहिला टप्पा एवढाच केला कीं टोकाला गोल फुगवटा येतो, तेवढा पुरे. हें काम चांगला मिस्त्री पांच मिनिटांत करतो. पाइप हॅकसॉनें कापूं नये, चाकाच्या पाइप-कटरनें कापावा. हॅकसॉचा कीस आंत गेला तर तो फिल्टरमध्यें किंवा पंपांत जाऊन बसतो, आणि कापलेल्या कडेचे दांते नळी चढवितांना आंतील अस्तर ओरखडतात. म्हणून कापल्यावर कड आंतबाहेर घासून साफ करावी. पाइप इतका गंजला असेल कीं फुलवितांना चिरेल, तर तेवढा तुकडा नवा घालावा. एक गोष्ट मात्र कोणत्याहि परिस्थितींत करूं नये. पेट्रोल वाहिलेल्या पाइपाला तो गाडीवर असतांना डाग देण्यासाठीं ज्योत लावूं नये. रिकाम्या पाइपांतली वाफ ही भरलेल्या पाइपाहून भयंकर असते.

क्लिपांविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. बाजारांत सर्वत्र मिळते ती स्क्रूनें आवळण्याची खांचांच्या पट्टीची क्लिप. मोठ्या नळ्यांना ती ठीक. पण बारीक नळीवर ती पुरी वर्तुळाकार बसत नाहीं, आणि आवळतांना खांचांतून रबर वर येऊन कापलें जातें. पेट्रोलच्या बारीक नळीसाठीं अखंड पट्टीची, कडा बाहेर वळविलेली व लहान बोल्टानें आवळायची क्लिप मिळते. ती घ्यावी. नळीच्या टोकापासून सुमारें ३ मिलिमीटर अंतर सोडून ती बसवावी. आवळावी ती इतकीच कीं रबर किंचित् दबेल. पट्टीच्या बाजूंनीं रबराचे ओठ फुगून आले, तर जास्त आवळली असें समजावें. नळी चढत नसेल तर स्वच्छ तेलाचा एक थेंब लावावा. सांध्याला डिंक, सफेता किंवा दोरा यांपैकीं कांहीं लावूं नये. नीट सांध्याला त्याची जरूर नसते, आणि वाईट सांधा त्यानें सुधारत नाहीं.

नळीची वाटहि पाहावी. ती तप्त धुराड्याजवळून जाऊं नये, धारदार पत्र्याला घासूं नये, तीव्र वळणानें दुमडूं नये. इंजिन हलेल तेवढी सैल ती असावी, पण लोंबती नसावी. ज्या पोलादी पाइपावर ती चढविली, तो पाइप सांध्याजवळच सांगाड्याला बांधलेला असावा. नाहीं तर हिसके रबरानें सोसण्याऐवजीं पाइपच सोसूं लागतो.

आतां घाटांतील त्या गुदमरण्याचें कोडें उलगडतों. जुन्या गाडींत पंप इंजिनावर असतो, आणि टांकीपासून पंपापर्यंतचें पेट्रोल तो ओढून घेतो. म्हणजे इंजिन चालतांना या भागांत दाब नसून ओढ असते. येथील सांधा सैल असला, तर गाडी चालतांना पेट्रोल बाहेर येत नाहीं. उलट हवा आंत जाते. चढावर इंजिनाची मागणी वाढते, टांकी खालच्या बाजूला जाते, ओढ वाढते, आणि पेट्रोलऐवजीं हवाच हातीं येते. गाडी उभी राहिली आणि टांकींतील पातळी सांध्याहून वर असली, म्हणजे तोच सांधा ठिपकूं लागतो. पंपाच्या पुढें, कार्ब्युरेटरकडे जाणारा सांधा मात्र गाडी चालतांनाच गळतो. म्हणून "चालत्या गाडींत पाहिलें, कोरडें होतें" एवढ्यावर समाधान मानूं नये. सांधा दोनदां पाहावा. एकदां इंजिन चालू असतांना, आणि एकदां गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं.

नव्या गाड्यांत हा पाइप पुष्कळदां पोलादाऐवजीं नायलॉनचा असतो, आणि त्याचे सांधे कट्‌ असा आवाज होऊन बसणारे असतात. तेथें क्लिपेचें काम नाहीं. नायलॉनच्या पाइपावर रबर चढवून क्लिप आवळणें म्हणजे पाइप चेंगरणें. शिवाय या गाड्यांत इंजिन बंद केल्यावरहि पेट्रोल बराच वेळ दाबाखालीं राहतें. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, मग बॅटरीची ऋण तार सोडावी, आणि मगच, तेंहि सांध्याभोंवतीं फडकें धरून, तो उघडावा. हें ज्याला माहीत नाहीं त्यानें या वाटेस जाऊं नये. योग्य कारागिराला बोलवावें.

आणखी एक कारण या विषयाला हल्लीं महत्त्व देतें. २० टक्के इथेनॉल असलेलें पेट्रोल २०२३ सालच्या फेब्रुवारींत आपल्या देशांत कांहीं पंपांवर आलें, आणि २०२५ पर्यंत तें प्रमाण देशभर रूढ झालें. नव्या गाड्यांचीं रबरें त्यासाठीं केलेलीं असतात. जुन्या गाड्यांतील व स्कूटरींतील कांहीं रबरें मात्र या मिश्रणानें फुगतात, मऊ पडतात, आणि पुढें सुकून तडकतात. इथेनॉल हवेंतील ओलावाहि शोषून घेतें. त्यामुळें पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या गाडीचा पोलादी पाइप आंतून गंजूं शकतो. म्हणून ज्यांच्या घरीं जुनें वाहन आहे त्यांनीं त्याच्या सर्व पेट्रोलनळ्या एकदां बदलून अल्कोहोल सोसणाऱ्या घ्याव्या, आणि पुढें दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं त्या बोटांनीं दाबून पाहाव्या. दाबल्यावर नळी कडक लागली, बुळबुळीत लागली, किंवा वांकविल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर तिचें आयुष्य संपलें असें समजावें.

माझ्या गाडीच्या पाइपाला आतां नवी कॉलर आहे, योग्य जातीची नळी आहे आणि अखंड पट्टीच्या दोन क्लिपा आहेत. खालची फरशी घासून घेतली. डाग मात्र पुरता गेला नाहीं, आणि तो जावा असा माझाहि आग्रह नाहीं. तुळशीपाशीं पुन्हां दिवा लागतो. पण गाडी आतां फाटकाजवळ, वृंदावनापासून दूर उभी असते.

शेवटीं एकच सांगणें आहे. आपल्या घरांत कोणी म्हणालें कीं, गाडीपाशीं पेट्रोलचा वास येतो आहे, तर थट्टा करूं नये. तेथील दिवा, विडी, शेगडी दूर करावी, गाडी सुरू करूं नये, आणि वास कोठून येतो तें त्याच दिवशीं शोधावें. त्यासाठीं मोटारविद्या यावी लागत नाहीं. वर्तमानपत्र खालीं ठेवून उठावें लागतें, एवढेंच.